न मागितलेले टपाल



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून थोरामोठ्यांनी धर्म, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले. आमच्यासारख्या, द्वारसभेत खाणीच्या फाटकापाशी उभे राहून बोलणाऱ्या माणसाने आज निवडलेला विषय त्या मानाने क्षुल्लक वाटेल. ईमेलमध्ये येऊन पडणाऱ्या, न मागितलेल्या जाहिरातींविषयी आम्ही बोलणार आहोत. आपण म्हणाल, नको असेल ती पुसून टाकावी, त्यात व्याख्यान कसले? पण थेंबाथेंबाने तळे साचते, तसे थेंबाथेंबाने ते आटतेही. कामगाराचा वेळ असाच आटतो.

प्रथम हिशोब मांडू. आकडे आम्ही उदाहरणादाखल धरतो. आपण आपले घालून पाहावेत. समजा, एका कामगाराला रोज वीस नको असलेल्या मेल येतात आणि प्रत्येक ओळखून पुसायला तीन सेकंद लागतात. रोजचे एक मिनिट झाले. वर्षाला सहा तास. हजार सभासदांच्या संघटनेत सहा हजार तास, म्हणजे आठ तासांची पाळी धरली तर साडेसातशे पाळ्या. या साडेसातशे पाळ्यांची मजुरी कोणी दिली? कोणीही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुटी मिळवली. कामगाराचा मोकळा वेळ ही त्याची मालमत्ता आहे, हे तत्त्व त्या लढ्याच्या मुळाशी होते. त्याच मालमत्तेत आज कोणीही न विचारता हात घालतो.

हे का घडते, याचे कारण साधे आहे. पूर्वी जाहिरात वाटायची तर पत्रक छापावे लागे, वाटणाऱ्या पोराला मजुरी द्यावी लागे, टपालाने धाडायचे तर प्रत्येक पाकिटाला तिकीट लागे. खर्च पाठवणाऱ्याचा होता, म्हणून तो विचार करून पाठवी. ईमेलने हा न्याय उलटा केला. एक पाठवा की दहा लाख पाठवा, पाठवणाऱ्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. वेळ, लक्ष आणि इंटरनेटचे पैसे घेणाऱ्याचे जातात. दहा लाखांत शंभर माणसे गळाला लागली तरी त्याला परवडते. उरलेल्या नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे लोकांचा त्रास त्याच्या खतावणीत कुठेच लिहिला जात नाही. सिमेंटच्या कारखान्याची धूळ शेजारच्या शेतावर बसावी आणि तिचा खर्च कारखान्याच्या वहीत येऊ नये, तसेच हे आहे. घुग्घुस-गडचांदूरच्या माणसाला हा दाखला फोड करून सांगायला नको.

या प्रकाराचा जन्म अमेरिकेत ३ मे १९७८ रोजी झाला. डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थ्यूर्क नावाच्या विक्री-अधिकाऱ्याने त्या काळच्या अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे लोकांना आपल्या यंत्रांची जाहिरात एकदम पाठवली. लोक चिडले, त्याला समजही देण्यात आली. पण काही यंत्रे खपली म्हणतात. चीड आणि खप या दोन गोष्टी तेव्हापासून जोडीनेच चालत आल्या आहेत.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे वळू. आमच्या कंत्राटी कामगारांपैकी कितीजणांनी आपला ईमेल-पत्ता स्वतः काढला आहे? पुष्कळांचा पत्ता ऑनलाइन केंद्रातल्या पोराने अर्ज भरताना काढून दिला. पासवर्ड त्या केंद्राच्या वहीत राहिला. काही अर्जांवर तर केंद्रवाल्याचाच पत्ता घातलेला असतो. मग मोबाईलच्या दुकानात, हप्त्याने गाडी घेताना, नोकरीच्या संकेतस्थळावर तोच पत्ता दिला जातो. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक चौकोन असतो आणि त्यात आधीच बरोबरची खूण केलेली असते. ती खूण काढायला कोणी सांगत नाही. तिथून पत्ता एकाच्या यादीतून दुसऱ्याच्या यादीत हिंडू लागतो.

यात धोका दुहेरी आहे. पहिला असा की कामाचे पत्र ढिगाऱ्यात बुडते. मुलाखतीचे बोलावणे, विम्याची सूचना, भविष्यनिर्वाह निधीसंबंधीचे उत्तर हे सारे त्याच पेटीत येते. जीमेलची फुकटची जागा १५ जीबी, आणि तीही फोटो व इतर फायलींसह. ती भरली की नवे पत्र आत येत नाही. दुसरा धोका असा की जाहिरातीच्या गर्दीत लबाड मिसळतो. 'खाणीत नोकरी लागली, आधी अमुक रुपये भरा' अशा बनावट पत्रांविषयी सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांना वेळोवेळी इशारे द्यावे लागतात. ज्या जिल्ह्यात कोळसा, सिमेंट आणि वीज यांच्या नोकरीवर घरेच्या घरे डोळे लावून बसतात, तिथे असे पत्र म्हणजे दुष्काळात दाखवलेले मृगजळ होय. आणि भामरागड-एटापल्लीकडे, जिथे फोनला रेंज शोधत फिरावे लागते, तिथे चित्रांनी भरलेली एक जाहिरात उतरेपर्यंत कामाची मेल ताटकळत बसते.

मग कायदा काय करतो? येथे एक इतिहास सांगितला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात पुढे कलम ६६-अ घातले गेले. 'त्रास किंवा गैरसोय' व्हावी म्हणून ईमेल पाठवणे, किंवा ती कोठून आली याविषयी घेणाऱ्याची दिशाभूल करणे, हा त्या कलमाने गुन्हा ठरवला. वरवर पाहता आपल्या दुखण्यावर हेच औषध होते. पण ते कोणाला पाजले गेले? नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल एका तरुणीला आणि ते पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले.

आम्ही त्या निकालाचे स्वागतच करतो. 'त्रास' हा शब्द रबरासारखा ताणता येतो. संघटनेच्या पत्रकाने व्यवस्थापनाला त्रास होतोच; नाही झाला तर पत्रक कशाला काढायचे? म्हणून नको असलेल्या जाहिरातींवर कायदा मागताना आपण शब्द तोलून मागितले पाहिजेत. व्यापारी हेतूने, घाऊक प्रमाणात आणि संमतीवाचून पाठवलेले, या तिन्ही कसोट्या एकत्र लागल्या तरच ते दंडनीय असावे. मत, टीका आणि गाऱ्हाणे यांना त्याची झळ लागता कामा नये.

दूरध्वनी आणि एसएमएस यांबाबत आपला देश बराच पुढे गेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, २०१८ चे नियम आहेत. १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती नोंदवता येते आणि तक्रारही करता येते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. जाहिरातीच्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाला 'पी' हे अक्षर जोडणे आले. नोंदणी न करता जाहिराती धाडणाऱ्यावर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाईचे चाक फिरते. पण ईमेल या नियमांच्या कक्षेत येत नाही, आणि नको असलेल्या ईमेलसाठी स्वतंत्र कायदा भारतात नाही.

जगात दोन वाटा आहेत. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याची वाट अशी की आधी पाठवा, घेणाऱ्याने 'नको' म्हटले की थांबा. युरोपने २००२ साली साधारणपणे उलट वाट धरली. तिथे आधी विचारायचे, 'हो' म्हटले तरच पाठवायचे. आम्हाला दुसरी वाट न्याय्य वाटते आणि तिचे शिक्षण घ्यायला युरोपात जायला नको. कामगाराच्या पगारातून संघटनेची वर्गणी कापायची तर त्याची लेखी संमती लागते. 'त्याने नाही म्हटले नव्हते' हे उत्तर चालत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असे म्हणून हेच तत्त्व गावाच्या पातळीवर जगाला दाखवले. तिथे गावाच्या कामात पाऊल टाकणाऱ्याने आधी ग्रामसभेला विचारावे लागते. गावाच्या वेशीला जो मान, तोच माणसाच्या उंबरठ्याला असावा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे हे तत्त्व मान्य केले आहे. संमती मुक्त, नेमकी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणे सोपे हवे. मोठ्या कसुराला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि मुख्य बंधने लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. या कायद्यात एक गोष्ट आपल्या भागासाठी अपुरी आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत वाचायची सोय द्यायची आहे. मराठी त्यात आहे, गोंडी नाही. गडचिरोलीतील ज्या बाईची बोली गोंडी किंवा माडिया, तिला न समजलेल्या कागदावर अंगठा टेकवण्याची जुनीच पाळी येणार. ही उणीव आपल्या प्रतिनिधींनी संसदेत मांडली पाहिजे.

कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. प्रत्येकाने करण्याजोग्या काही गोष्टी सांगतो. ईमेलचे दोन पत्ते ठेवावेत: एक सरकारी व नोकरीच्या कामाचा, दुसरा दुकानदारीचा. केंद्रात काढलेल्या पत्त्याचा पासवर्ड घरी येऊन बदलावा. आधीच खूण केलेला चौकोन दिसला तर ती काढावी. ओळखीच्या कंपनीची जाहिरात असेल तर तिच्या तळाशी असलेल्या 'अनसबस्क्राइब'वर बोट ठेवावे. अनोळखी पत्रात मात्र कशालाही बोट लावू नये, कारण त्याने 'हा पत्ता जिवंत आहे' एवढेच पाठवणाऱ्याला कळते. चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवावी. डोळ्यांना न दिसणारे एखादे चित्रही तीच चहाडी करते. स्पॅमची पेटी आठवड्यातून एकदा चाळावी, कारण चांगले पत्रही कधी चुकून तिथे पडते. पैसे गेले तर क्षणभरही न दवडता १९३० वर फोन करावा.

पण एकट्याच्या सावधपणाला मर्यादा आहे, हे आम्हाला चळवळीने शिकवले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने घाऊक पाठवणाऱ्यांवर काही अटी घातल्या. दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल धाडणाऱ्याने आपली ओळख पटवणारे तांत्रिक शिक्के लावावेत, जाहिरातीची मेल एका टिचकीत बंद करण्याची सोय द्यावी आणि 'स्पॅम' म्हणून येणाऱ्या तक्रारी हजारी तीनच्या खाली ठेवाव्यात. हजारी तीन! म्हणजे मुकाट्याने पुसण्याऐवजी 'स्पॅम' हे बटण दाबणारी मूठभर माणसे बड्या पाठवणाऱ्याची वाट अडवू शकतात. तिकडे दहा दिवसांत पाच, इकडे हजारात तीन. पुसून टाकणे म्हणजे निमूट सोसणे. बटण दाबणे म्हणजे मतदान करणे.

कोणी विचारतील, मग छोट्या दुकानदाराने, बांबूच्या वस्तू विकणाऱ्या कारागिराने जाहिरात करायचीच नाही काय? अवश्य करावी. गिऱ्हाईक दुकानात आले असता त्याला विचारावे, 'नवा माल आला की कळवू काय?' जो हो म्हणेल त्याला कळवावे. असे पन्नास पत्ते विकत आणलेल्या पन्नास हजारांहून अधिक धंदा देतील. हाच नियम संघटनांनाही लागू आहे. सभासदाला विचारल्यावाचून आम्हीही त्याच्या पेटीत ढीग टाकू नये.

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, कामगारांचे पत्ते व फोन क्रमांक सावकारी वा विमा व्यवसायाला देऊ नयेत, असे कलम प्रत्येक वेतनकरारात यावे. दुसरी, प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी की जाणत्या तरुणांनी इतरांचे पासवर्ड त्यांच्याच हाताने बदलवून घ्यावेत आणि तक्रारी नोंदवायला मदत करावी. तिसरी, ईमेललाही 'आधी संमती' हा नियम लावावा, असा ठराव आपल्या नगरांतील संस्थांनी करून दिल्लीला धाडावा.

या तीन सूचनांपैकी दुसरीला ना सरकारची परवानगी लागते, ना मालकाची. ती पुढल्या आठवड्यातही सुरू करता येईल. सभेनंतर ज्यांना या कामात नाव द्यायचे असेल त्यांनी दाराजवळच्या वहीत ते स्वतःच्या हाताने लिहावे.