एका खाटेचे अर्थकारण

(विद्यार्थी व युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जून-जुलै महिने आले की महाराष्ट्रात प्रवेशाची चर्चा सुरू होते. गुणवत्ता यादी, कट-ऑफ, शुल्क, राखीव जागा या सर्व गोष्टींवर वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरतात. त्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र क्वचितच येतो. प्रवेश मिळालेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या रात्री झोपणार कोठे? खेड्यातून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याला वस्तुतः दोन प्रवेश घ्यावे लागतात. एक महाविद्यालयात आणि दुसरा शहरात. पहिल्या प्रवेशासाठी नियम आहेत, याद्या आहेत, तक्रारीची सोय आहे. दुसरा प्रवेश त्याच्या बापाच्या खिशावर, ओळखीपाळखीवर आणि पुष्कळदा आडनावावर सोडून दिलेला आहे. पहिला प्रवेश मिळूनही दुसरा न मिळाल्यामुळे परत गेलेल्या मुलांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. ती मुले ‘गळती’ या एका शब्दात जमा होतात.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. किंबहुना, बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात वसतिगृहांचाच इतिहास आहे. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी १८९६ साली जे वसतिगृह निघाले ते सर्व जातींना खुले होते. परंतु थोड्याच वर्षांत तेथे प्रत्यक्षात एकाच जातीचे विद्यार्थी उरले. कागदावर खुले असलेले दार व्यवहारात कसे बंद होते, याचा हा धडा शाहू महाराजांनी नेमका ओळखला. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली आणि पुढील दोन दशकांत जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. शाळा काढली म्हणजे शिक्षण पोहोचले असे होत नाही. शाळेजवळ पोराला राहता आणि जेवता आले पाहिजे, हे या धोरणामागचे सूत्र होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हेच सूत्र पुढे नेले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात तिचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. ती राबत, स्वयंपाकाला हात लावत आणि शिकत. मुलांच्या तोंडचा घास तुटू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्र जाणतो. ती सांगताना डोळे पाणावतात, परंतु तिच्यातील अर्थकारणाकडे लक्ष जात नाही. ज्या संस्थेला पुढे शेकडो शाळा चालवता आल्या, तिचा पहिला मोठा खर्च धान्याचा आणि निवाऱ्याचा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेही याच जाणिवेतून. निवारा नाकारला जाणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी खाणावळीत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज भाड्याने खोली घेताना घरमालक ‘पूर्ण नाव काय?’ असे विचारतो, त्या सभ्य प्रश्नामागे जुनाच काठीचा धाक असतो, हे कित्येक विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

आता आजच्या जमाखर्चाकडे वळले पाहिजे. समजा, किनवट तालुक्यातील एका अल्पभूधारकाचा मुलगा पुण्यात पदवीच्या वर्गात दाखल झाला. वर्ग सुरू झाले, परंतु वसतिगृहाची यादी लागलेली नाही. प्रवेशाच्या सर्व फेऱ्या संपल्याखेरीज यादी लागत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मधल्या काळात तो कोठे राहणार? गावाकडच्या कुणाच्या तरी खोलीत चौथा किंवा पाचवा म्हणून, नाहीतर पेठेतल्या एखाद्या वाड्यात ‘कॉट बेसिस’वर. कॉट बेसिस म्हणजे खोली नव्हे; साडेसहा फूट लांबीची एक खाट आणि तिच्याखालची ट्रंकेपुरती जागा. त्या खाटेसाठी डिपॉझिट आधी, महिन्याचे भाडे आधी आणि मेसचे पैसेही आधी मोजायचे. शिवाय गादी, उशी, चादर, बादली, मग, कुलूप आणि विजेचा बोर्ड. प्रत्येक वस्तू किरकोळ, पण सगळ्यांची बेरीज शेतमजुराच्या कुटुंबाला किरकोळ नसते. पुढे वसतिगृहाच्या यादीत नाव लागले की तेथे पुन्हा अनामत भरायची. घरमालकाकडची आधीची अनामत मात्र ‘महिना पुरा केला नाही’ म्हणून अडकून पडते.

याउलट सरकारी मदतीचे वेळापत्रक पाहावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे दर २०२१ पासून सुधारले गेले. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला व्यावसायिक पदवीच्या पहिल्या गटात वर्षाला १३,५०० रुपये मिळतात. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. यांसारख्या सर्वसाधारण पदवीला ६,००० रुपये. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले तर महिन्याला ६०० रुपये, म्हणजे दिवसाला २० रुपये होतात. वीस रुपयांत शहरात दोन वेळचे जेवण सोडाच, दोन वेळचा चहा भागतो, इतकेच.

महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये द्यावेत, अशी ही योजना. त्यांपैकी ३२,००० भोजनासाठी, २०,००० निवासासाठी आणि ८,००० निर्वाहासाठी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना याच धर्तीवर निघाल्या. या योजनांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. त्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनांतून व मागण्यांतून आल्या आहेत आणि हजारो मुले त्यांच्या आधारावर शिकली आहेत. परंतु त्यांच्या रचनेत दोन दोष आहेत.

पहिला दोष रकमेचा. निवासाचे २०,००० रुपये दहा महिन्यांवर विभागले तर महिन्याला २,००० होतात. २०१६ साली ठरलेली ही तरतूद घरभाडे वाढले म्हणून आपोआप वाढत नाही. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधलेला असतो. आमदार-खासदारांचे मानधनही वाढते. विद्यार्थ्याच्या भाकरीला तेवढा निर्देशांक नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तो वेळेचा. खर्च आधी होतो आणि मदत मागाहून येते. अर्ज, छाननी, त्रुटी, फेरतपासणी, निधीची उपलब्धता अशा पायऱ्या चढून हप्ता हाती येईपर्यंत सत्र संपत आलेले असते, कधी वर्षही सरलेले असते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला उशीर ही गैरसोय असते. ज्याच्या घरी पैसा नाही त्याच्यासाठी उशीर हाच नकार असतो. मधली फट भरण्यासाठी बाप शेळ्या विकतो किंवा सावकाराकडून पैसे उचलतो. पुढे सरकारची रक्कम येते, ती व्याजात जाते. म्हणजे विद्यार्थ्यासाठी तिजोरीतून निघालेला पैसा सावकाराच्या घरी जिरतो. योजनेच्या अहवालात मात्र ‘लाभार्थी’ म्हणून त्या विद्यार्थ्याचेच नाव राहते.

या कोंडीतून आणखी एक प्रकार जन्माला आला आहे. वसतिगृहात ज्याला खोली मिळाली तो आपल्या गावच्या, खोली न मिळालेल्या मित्राला जमिनीवर अंथरूण टाकू देतो. पुण्याच्या विद्यापीठ परिसरात अशा मुलाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. परोपजीवी! ज्याच्या मायबापांच्या श्रमावर हे शहर जेवते, त्या मुलाला शहराने दिलेले हे नाव आहे. अधूनमधून तपासणी होते, अशी मुले बाहेर काढली जातात, दंड होतो. नियमाच्या दृष्टीने ते चुकीचे म्हणता येणार नाही, कारण दोघांच्या खोलीत चौघे राहिले तर यादीतल्या विद्यार्थ्याच्याही अभ्यासाचे मातेरे होते. परंतु तपासणी करणारे अधिकारी बाहेर काढलेला मुलगा त्या रात्री कोठे गेला हे विचारत नाहीत.

वसतिगृहाकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहण्याची वृत्ती गेल्या काही वर्षांत बळावली आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ साली एकट्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० आणि दोघांच्या खोलीचे १० रुपयांवरून ३०० करण्याचा निर्णय झाला. त्यावर सेवाशुल्क म्हणून महिन्याला १,७०० रुपये आकारण्याचा प्रस्ताव होता. विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले, तेव्हा काही अंशी माघार घेण्यात आली. ‘दहा रुपयांत खोली कोठे मिळते?’ असा सवाल त्या वेळी मध्यमवर्गात सर्रास ऐकू आला. हा सवाल टाळण्यात अर्थ नाही. इमारतींची दुरुस्ती, पाणी, वीज, सेवकांचे वेतन यांना पैसा लागतोच. प्रश्न एवढाच की तो पैसा कोणी भरायचा. शेतमजुराच्या मुलाने शिकून डॉक्टर, शिक्षक, अभियंता व्हावे यात समाजाचा लाभ असेल, तर त्या लाभाचे मोलही समाजाने सार्वजनिक करांतून चुकवले पाहिजे.

कराचा उल्लेख निघालाच आहे, तर दुसरेही उदाहरण ध्यानात घ्यावे. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला हजार रुपयांहून कमी भाड्याच्या निवासावरील जीएसटीची सूट काढून घेण्यात आली आणि १२ टक्के कर लागू झाला. खाजगी वसतिगृहे ही निवासी घरे नव्हेत, म्हणून त्यांनाही हा कर लागतो, असा निर्वाळा २०२३ साली कर्नाटकातील प्राधिकरणाने दिला. अखेर जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने महिन्याला २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या वास्तव्याला सूट देण्याची शिफारस केली. ओरड झाल्यावर दुरुस्ती झाली, हे बरेच झाले. पण विद्यार्थ्याची खाट पर्यटकाच्या हॉटेलातील पलंगाबरोबर मोजली जाऊ शकते, एवढे यातून दिसून आले.

मुलींची स्थिती तर याहून बिकट. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु मुलीच्या बाबतीत आईबापांचा पहिला प्रश्न ‘फी किती?’ हा नसतो; ‘राहणार कुठे?’ हा असतो. शुल्क माफ आणि निवारा नाही, अशा स्थितीत ती माफी शहरातल्या मुलीला मिळते आणि गावातली मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयावर समाधान मानते. निवारा असला तरी तो सुरक्षित हवा. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोड येथील शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय वसतिगृहाच्याच पहारेकऱ्यावर आला. त्यानंतर चौकशा झाल्या. परंतु अशा घटनेचा खरा परिणाम दूरच्या गावांत होतो, कारण तेथे ती बातमी वाचून कितीतरी मुलींचे अर्ज भरायचेच राहून जातात.

मित्रहो, सरकारकडे मागण्या करणे आवश्यक आहे, आणि त्या नेमक्या असाव्यात. महाविद्यालयाच्या प्रवेशयादीबरोबरच वसतिगृहाची यादी लागावी. मदतीचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच, छाननी मागाहून करण्याच्या अटीवर, खात्यात जमा व्हावा. दर महागाई निर्देशांकाशी जोडावेत. यादी लागेपर्यंत विद्यापीठाने तात्पुरता निवारा द्यावा. सुट्टीत रिकामी पडणारी सभागृहे व अतिथिगृहे त्यासाठी वापरता येतील. मुलींच्या वसतिगृहांत महिला अधीक्षक पूर्णवेळ निवासी असावी.

परंतु केवळ निवेदने देऊन कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तेव्हा त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. आजही तालुक्याच्या ठिकाणी बारावीच्या निकालानंतर दोन महिने मदत केंद्र चालवणे अवघड नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते या चार गोष्टी वेळेत तयार असल्या तर अर्ज त्रुटीत निघण्याचे निम्मे कारण उरत नाही. शिक्षण संपवून जाणाऱ्या विद्यार्थ्यांकडून गाद्या, बादल्या, पुस्तके गोळा करून नव्या मुलांना देता येतात. अनामतीपुरती बिनव्याजी रक्कम देणारा छोटा फिरता निधी एखाद्या पतसंस्थेच्या साहाय्याने उभा करता येतो. मेसचा कंत्राटदार मुजोर झाला तर विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हिशेब ठेवून सहकारी भोजनगृह चालवावे. हे काम करताना एका गोष्टीचे भान हवे. प्रत्येक समाजघटकासाठी वेगळी योजना असल्यामुळे ‘त्यांना मिळते, आम्हांला नाही’ अशी भावना पेटवणे सोपे जाते. किनवटचा आदिवासी मुलगा, लातूरचा बौद्ध मुलगा आणि बीडच्या ऊसतोड मजुराची मुलगी यांची यादी वेगवेगळी असली तरी उशीर तिघांनाही सारखाच भोगावा लागतो. त्यांना एका मदत केंद्रात एकत्र आणणे हे कार्यकर्त्यांचे खरे कौशल्य होय.

शिक्षणाचा हक्क घोषणेत असतो तेव्हा तो सर्वांचा असतो. त्याची परीक्षा मात्र ऑगस्टमधल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी, ट्रंक हातात घेऊन वसतिगृहाच्या फलकावर आपले नाव शोधणाऱ्या मुलासमोर होते. त्या फलकावर नाव नसले तरी त्याला परतीची एस. टी. धरावी लागू नये, इतकी व्यवस्था ज्या तालुक्यात उभी राहील तेथे शाहू-कर्मवीर-आंबेडकरांचे नाव घेण्याचा अधिकार कार्यकर्त्यांना लाभेल.