हरवलेल्या फुग्याचा माग

लकडगंज म्हटले की लाकडांच्या वखारी आणि आरागिरण्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. तेथल्या एखाद्या गच्चीवर कुणी हातातला लांबट एरियल आकाशाकडे रोखून सावकाश फिरवताना दिसला, तर नवल करू नका. तो परवानाधारक हौशी रेडिओचालक असेल, आणि आपला हरवलेला फुगा शोधत असेल.

सोनेगावहून हवामान खाते जसे फुगे सोडते, तसेच हे हौशी लोकही रीतसर परवानगी घेऊन सोडतात. फुग्याखाली पॅराशूट, त्याखाली हलकी पेटी. पेटीत तपमापक, कॅमेरा, बॅटरी आणि उपग्रहांच्या मदतीने ठावठिकाणा कळवणारे यंत्र. वर हवा विरळ, म्हणून फुगा फुगतच जातो. सुमारे ३० किलोमीटरांवर हवेचा दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्शाइतका उरतो. तिथे फुगा फुटतो आणि पेटी खाली येऊ लागते.

ती पडणार कुठे? हिवाळ्यात आपल्याकडे उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. तेव्हा नागपूरचा फुगा बहुधा भंडाऱ्याच्या रोखाने जाणार.

आता गंमत पाहा. पेटी उंच असताना तिचा संदेश शेकडो किलोमीटरांवर ऐकू येतो. पण जमिनीजवळ आली की ती झाडांआड जाते आणि संदेश बंद! समजा, मौद्याजवळ शेवटची उंची ३०० मीटर कळली. उतरण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर. म्हणजे ती आणखी मिनिटभर हवेत होती. वारा सेकंदाला ४ मीटर, तर २४० मीटर पुढे शोधावे. ठिकाण कळवणारे यंत्रच बिघडले, तर लकडगंजातून आवाज ज्या दिशेने आला ती रेघ नकाशावर ओढावी, उमरेडच्या सोबत्याने आपली ओढावी. रेघा मिळतील तिथे जावे.

इथवर गणित झाले. पण धानाच्या बांधीत आकाशातून तारा लोंबणारी पेटी पडली, तर शेतकरी घाबरणार नाही का? त्याने ती विहिरीत टाकली, तर त्याला दोष कसा द्यावा? आणि छायाचित्रे तर पेटीतच असतात. ती गेली की मेहनत गेली.

हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रचंड फुगे सुटतात. त्यांची उपकरणे आपल्या सोलापूर, नांदेडकडेही उतरू शकतात. म्हणून संस्था आधीच जाहीर करते, की सापडलेली वस्तू उघडू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कचेरीत कळवावे. हौशी मंडळींनी हाच धडा घ्यावा. पेटीवर ठळक मराठीत लिहावे: ‘हे हवेचा अभ्यास करणारे यंत्र आहे. घाबरू नका, उघडू नका. या क्रमांकावर कळवा.’ नुसती इंग्रजी चिठ्ठी बांधावर काय कामाची?

शेतात शिरण्यापूर्वी “रामराम भाऊ” म्हणून धन्याला विचारावे. पेटी विजेच्या तारांत अडकली असेल, तर मात्र स्वतः चढू नये; वीज कंपनीला कळवावे. पेटी पुन्हा करता येते.