लोकलमधील गर्दी

निपाणीला आजही रेल्वे नाही. गाडीत बसावयाचे तर चिकोडी रोड किंवा कोल्हापूर गाठावे लागते. मुंबईच्या लोकलचे वर्णन आपण ऐकतो ते सुटीवर आलेल्या चाकरमान्याच्या तोंडून, आणि ऐकता ऐकता कोणीतरी म्हणतोच, "माणसांना शिस्त नाही, दुसरे काय!" हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो.

कचेरीच्या वेळेस लोकलमध्ये उभ्या प्रवाशांची दाटी चौरस मीटरला १४ ते १६ माणसांपर्यंत जाते. चौरस मीटर म्हणजे माझ्या वर्गातील एका बाकाने अडविलेली जागा. तेथे मी तीन मुले बसवितो, आणि तीही कुरकुरतात! दारे उघडी असतात, कारण एवढ्या माणसांना दुसरीकडून हवा मिळत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले व काहींचे प्राण गेले. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे ठरले. हवेसाठी दारांना झडपा आणि छतावर यंत्रे. योजना चांगली आहे. पण दारात लोंबकळणारा माणूस मग फलाटावर उरणार, त्याचे काय?

गर्दीचे मूळ परळला दिसते. आपल्या सीमाभागातूनही माणसे तेथील गिरण्यांत कामाला जात. खोली दाटीची असे खरी, पण भोंगा झाला की गडी पायी गिरणीत पोहोचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी उंच कचेऱ्या उठल्या. तेथे काम करणारा आता डोंबिवलीहून, विरारहून येतो. तेथे राहणे त्याला परवडत नाही. माणसे वाढली, स्थानकातील पूल तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी भर पावसात एल्फिन्स्टन रोडच्या (आजच्या प्रभादेवीच्या) अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. त्यांत बेशिस्त कोण होते?

घरे कचेरीजवळ आणणे एका पिढीत साधणार नाही. कचेरीची वेळ मात्र उद्यासुद्धा बदलता येते. मध्य रेल्वेने २०२३ साली आपल्या मुंबईच्या मुख्यालयात कामाच्या दोन वेळा ठेवल्या व इतर कचेऱ्यांनाही तशी विनंती केली. गिरण्या तर तीन पाळ्यांत चालत. कचेऱ्यांना दोन अवघड का वाटाव्यात, हे मला उमगत नाही.