बिनतारी कुलूप ओढून पाहा

श्रोतेहो, मोर्शीच्या बाजारातला संत्र्याचा व्यापारी रात्री दुकान बंद करतो, कुलूप लावतो आणि ते एकदा ओढून पाहतो. त्याच दुकानातले वाय-फाय मात्र कोणी ओढून पाहत नाही. शटर पाडले तरी त्याची लहर रस्त्यावर येतेच, बरे का!

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे धमकीचा ई-मेल निघाला, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वाय-फायवरून. कटाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फाय असेच वापरले गेले. पोलीस आधी आले ते मालकाच्याच दारी.

तेव्हा आज दिवेलागणीला मोबाईल घेऊन दुकानाबाहेर पडा. आपल्या वाय-फायचे नाव कुठवर दिसते? नावाशेजारी कुलपाची खूण आहे काय? नसेल तर दार सताड उघडे आहे. खूण असली तरी राऊटरमध्ये कुलपाची जात पाहा. 'डब्ल्यूईपी' हे २००१ सालीच फुटलेले कुलूप. 'डब्ल्यूपीए २' किंवा '३' हवे.

आता पासवर्ड. आपल्याकडे बहुतेकांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचा मोबाईल नंबर, आणि तोच दुकानाच्या पाटीवर रंगवलेला! चोराला दारात उभे राहून एकेक किल्ली लावावी लागत नाही. 'डब्ल्यूपीए २'मध्ये तुमचा फोन जोडला जाताना होणारी देवाणघेवाण तो टिपतो, घरी नेतो आणि संगणकाला अंदाज करायला बसवतो. दहा आकडे त्याला फार वेळ पुरत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. पाटी, संत्री, सिंभोरा असले मी इथे उच्चारलेले मात्र नकोत.

गिऱ्हाइकांसाठी वेगळे वाय-फाय ठेवले असेल तर त्यावरून बिलाचा संगणक किंवा कॅमेरा उघडतो का, तेही पाहा. राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असेल तर बदला.

गुरुजींनी हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा, पण शाळेच्याच वाय-फायवर आणि मुख्याध्यापकांना विचारून. शेजारच्या पतसंस्थेची परीक्षा घ्यायची तर आधी तिची लेखी परवानगी हवी. दुसऱ्याच्या संगणकजाळ्यात लबाडीने शिरल्यास २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणि हो, दिवाणजी नोकरी सोडून जाताना दुकानाची किल्ली परत घेता ना? पासवर्ड त्याच्या फोनमध्ये राहतो. तोही त्याच दिवशी बदला.