न केलेल्या कामाची मजुरी
(कुरकुंभ इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं गोण्या उचलतो. गोण उचलली तर मजुरी, नाहीतर घरी जा. पण या मुलखात एक धंदा असा होता, की काम दुसऱ्यानं केलं तरी पैसे आपले. त्याचं नाव जोशीवतन.

गावचा जोशी लग्नाला बोलावलेला नसला तरी दक्षिणा त्याच्या हक्काची. कोर्टंही हा हक्क मानत. १८७३ साली जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि भटाविना लग्नं लावायला सुरुवात केली. नुसती पूजा बदलली असती तर भट गप्प बसला असता. इथं खिसा कापला गेला! याच जिल्ह्यात, जुन्नरकडं ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी असं लग्न लावलं, तर जोशांनी हक्कासाठी त्यांना कोर्टात खेचलं. भांडण हायकोर्टापर्यंत गेलं. देव कुठल्या बाजूनं साक्षीला आला होता, कुणास ठाऊक. पुढं सी. के. बोल्यांच्या खटपटीनं १९२६ साली मुंबई कौन्सिलात कायदा झाला, तेव्हा कुठं न बोलावलेल्या भटाची ही वसुली मोडली.

आणि आमचं काय? माझा आजा सांगायचा, जोशी महारवाड्यात पाऊल टाकत नसे. मुहूर्त लांबून सांगायचा. पैसा मात्र भुईवर ठेवायला लावून, पाणी शिंपडून उचलायचा. माणूस बाटगा, नाणं सोवळं!

१९३६ साली बाबासाहेबांनी लिहून ठेवलं: पुरोहितपण वंशानं नको, परीक्षा घ्या, सनद द्या, सरकारी नोकरासारखं कायद्यात बांधा. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे हक्क संपायला २०१४ साल उजाडलं, तेही सुप्रीम कोर्टातून.

आता आपल्या घरातलं बोलतो, राग आला तर येऊ द्या. गेल्या साली आमच्या चाळीत बौद्ध लग्न होतं. विधी लावणाऱ्यानं आधी पाकिटाचा आकडा विचारला. पोरीचा बाप नाक्यावरचा बिगारी. त्यानं उसने काढून दिले. प्रवासभाडं द्या, जेवू घाला, खुशीनं काय द्यायचं ते द्या. पण आकडा ठरवून घ्यायचा, म्हणजे जोशीवतनाची पहिली पायरी नव्हे काय?

त्रिशरण-पंचशील आपल्या शाळकरी पोरींनासुद्धा पाठ आहे. येत्या लग्नसराईत कुरकुंभ, दौंडात त्यांनाच उभं करा. पहिल्या लग्नाला मी येतो. भाडं माझं.