विजेचा हिशेब मागणारा अभियंता
(खर्डा, ता. जामखेड येथील व्याख्यानाचा मजकूर)



खर्डा म्हटले की ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. येथील भुईकोटाच्या आश्रयाला निजामाला यावे लागले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या लढाईचे मूळ मात्र सहसा सांगितले जात नाही. ते होते एका हिशेबात. चौथ आणि सरदेशमुखीची थकबाकी किती, यावर पुणे आणि हैदराबाद दरबारांत दीर्घकाळ खल चालला होता. कागदांवर एकमत होईना, तेव्हा तलवारी निघाल्या.

आजच्या व्याख्यानाचा विषयही हिशेबाचाच आहे. तो विजेचा असून, तो मागणाऱ्याजवळ ना फौज होती, ना अधिकारपद. गिरीश संत हे त्यांचे नाव. उद्योगाच्या आणि तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात स्वतंत्र विश्लेषक ही एक वृत्ती आता रूढ झाली आहे. कोणत्याही कंपनीचा किंवा खात्याचा नोकर नसलेला जाणकार उपलब्ध कागद तपासतो आणि निष्कर्ष सर्वांसमोर मांडतो. आपल्या राज्यात विजेच्या क्षेत्रात ही वृत्ती ज्यांनी प्रतिष्ठित केली, त्यांत संतांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १९६६ सालचा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीचे आणि पुढे ऊर्जा-व्यवस्थेचे शिक्षण घेतले. अशा पदवीधरांना परदेशाचे आणि मोठ्या कारखान्यांचे दरवाजे उघडे असत. त्यांनी ते टाळले आणि समविचारी सहकाऱ्यांसह पुण्यात ‘प्रयास’ या विश्वस्त संस्थेचा ऊर्जा गट उभारला. बंगळूरचे प्रा. अमूल्य रेड्डी यांची विचारसरणी या गटाला मार्गदर्शक ठरली. माणसाला वीज म्हणून वीज नको असते. त्याला उजेड, वारा आणि शेतात पाणी हवे असते. ते कमीत कमी खर्चात कसे मिळेल हे आधी पाहावे आणि वीजकेंद्र किती मोठे बांधायचे हे मागाहून ठरवावे, असा तो विचार होता.

कसोटी लवकरच आली. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातील हा प्रकल्प दोन हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेचा व्हायचा होता. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध सभा गाजत होत्या. संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी कराराची कलमे वाचली, आकडेमोड केली आणि जून १९९५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या आकडेमोडीचा गाभा खेड्यातील व्यवहारात सहज सांगता येतो. एखाद्या शेतकऱ्याने भाड्याचा ट्रॅक्टर ठरवावा आणि अट अशी असावी, की शेत नांगरा अथवा नांगरू नका, ट्रॅक्टर दारात सज्ज असला की भाडे द्यावेच लागेल, आणि तेही बव्हंशी डॉलरच्या भावाशी बांधलेले. नांगरट भरपूर निघाली तर एकराला पडणारे भाडे सोसते. ती एक तृतीयांश झाली की तेच भाडे एकरामागे तिप्पट होते. दाभोळच्या वीजदराची गोष्ट हीच होती. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार चुकत नव्हता. राज्याची गरज अंदाजाप्रमाणे वाढली नाही तर महागाईचा सारा भार मंडळावर येणार, हे त्या कागदात दिसत होते. जागतिक बँकेनेही १९९३ मध्येच प्रकल्पाला कर्ज देण्याचे नाकारले होते.

ऑगस्ट १९९५ मध्ये शासनाने करार रद्द केला. १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन नवा करार झाला. पण त्याची मूळ रचना कायम राहिली. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि पुढे काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्याही वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली. डिसेंबरात एन्रॉन कंपनीनेच अमेरिकेत दिवाळे काढले. सहा वर्षांपूर्वीची आकडेमोड खरी ठरली. अर्थात, खरे ठरल्याचा आनंद मानावा असा हा प्रसंग नव्हता. पैसा राज्याचा गेला होता.

येथील शेतकऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम मात्र दुसरेच आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी झाली. १९७० नंतरच्या दशकापासून कृषिपंपांचे मीटर मागे पडले आणि अश्वशक्तीवर आकारणी रूढ झाली. मीटर नाही, तेव्हा शेतीने किती वीज वापरली हे अंदाजानेच ठरू लागले. उदाहरणादाखल पाच अश्वशक्तीचा पंप घ्या. त्याला ढोबळमानाने पावणेचार किलोवॅट वीज लागते. तो वर्षाला १,००० तास चालला तर सुमारे ३,७०० युनिट होतात, आणि १,५०० तास धरले तर ५,६००. मधली १,९०० युनिटे विहिरीवर आलीच नसतील तर गेली कोठे? ती वाटेतल्या तारांत झिजली असतील किंवा अन्यत्र चोरीला गेली असतील. कागदावर मात्र ती शेतकऱ्याच्या नावे पडतात. गळती कमी दिसते, शेतीचे अनुदान फुगते आणि शेतकऱ्यांमुळे मंडळ बुडाले असा बोल लागतो.

राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. त्याच्यासमोर ‘प्रयास’ने आणि अन्य ग्राहक संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. पूर्वी पंधरा ते अठरा टक्क्यांच्या घरात सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे आयोगाच्या पहिल्या सुनावण्यांतून पुढे आले. एका आकड्याच्या दुरुस्तीने दोषाचे ओझे एका खांद्यावरून उतरले. आयोगाने ‘प्रयास’ला ग्राहकांच्या अधिकृत प्रतिनिधींत स्थानही दिले. मंडळातील अनेक अभियंत्यांशी संतांच्या गटाचा संवाद कायम राहिला, हेही नमूद केले पाहिजे. अधिकाऱ्यांना अपराधी ठरविण्याचा त्यांचा हेतू नव्हता.

पुढे केंद्रीय नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ गटांत त्यांनी काम केले. घरगुती पंख्यांवरील त्यांचा भर शिक्षकांना रुचेल. नेहमीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर सुधारलेला पंखा ३५ वॅटच्या आसपास. शाळेत वीस पंखे रोज सहा तास चालले तर दिवसाला जवळजवळ पाच युनिटांची बचत होते. गणिताच्या तासाला मुलांनी हे करून पाहावे.

२ फेब्रुवारी २०१२ रोजी दिल्ली येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. सहकाऱ्यांनी काम चालू ठेवले. शेतीच्या वाहिन्यांना सौर विजेची जोड देण्याची कल्पना ‘प्रयास’ने आग्रहाने मांडली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. प्रारंभीच्या प्रकल्पांसाठी निवडलेल्या गावांत आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी होते. रात्रीच्या पाळीला दारे धरण्यासाठी विंचू-काट्यांतून जाणाऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल सांगावे लागत नाही.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना शासनाने वीज मोफत केली आहे. बिल शेतकऱ्याऐवजी शासन भरते, म्हणून किती युनिटांचे बिल भरावयाचे हा जुना प्रश्न आता राज्याच्या तिजोरीचा झाला आहे. वीजदराचा प्रस्ताव आयोगापुढे आला की त्याचा गोषवारा मराठी वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. ग्रामपंचायतीलाही हरकत पाठविता येते. ती मराठीत लिहिलेली चालते आणि त्यासाठी वकील लागत नाही.