डोळ्याचा पडदा : न टोचता तपासणी



आपण अजिंठ्याचे रहिवासी. लेण्यांत फ्लॅश मारून फोटो घेऊ देत नाहीत, हे येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. चित्रे उठून दिसावीत म्हणून पूर्वी त्यांवर व्हार्निश चढविले गेले. ते पुढे पिवळे पडून चित्रेच झाकोळली. नाजूक वस्तू न दुखावता पाहणे, ही मोठी विद्या आहे. आज मी तीच गोष्ट डोळ्याबाबत सांगणार आहे.

मधुमेह बरीच वर्षे राहिला की डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि पडद्याच्या मध्यभागी सूज येते. दुखत काहीच नाही. म्हणून माणूस चष्म्याचा नंबर बदलत बसतो. सूज उतरावी म्हणून डोळ्यात इंजेक्शन देतात, बहुधा सुरुवातीस दरमहा. (नाव ऐकूनच घाबरू नका, डोळा आधी बधिर करतात.)

औषध लागू पडले की नाही, हे पाहण्यासाठी 1961 पासून हाताच्या शिरेत रंग टोचून फोटो काढण्याची पद्धत आहे. त्याने काहींना मळमळते, क्वचित गंभीर ॲलर्जीही होते. 1991 साली अमेरिकेतील संशोधकांनी ओ.सी.टी. ही पद्धत जाहीर केली. हनुवटी टेकवून खुणेकडे पाहायचे. अवरक्त प्रकाश आत जाऊन परततो व काही सेकंदांत पडद्याचा उभा छेद दिसतो. निरोगी पडदा मध्यभागी सुमारे पाव मिलिमीटर जाड असतो. सुजेने वाढलेली जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजता येते. याच्याच नव्या प्रकारात रक्तपेशींच्या हालचालीवरून रक्तवाहिन्यांचा नकाशाही मिळतो. मात्र त्यात पाझर दिसत नाही; तेव्हा डॉक्टरांनी रंगाची तपासणी सांगितली तर ती उगाच नव्हे.

दोन इंजेक्शनांनी अक्षरे स्पष्ट दिसू लागली की पुष्कळजण जाणे सोडतात. येथून शहर शंभर किलोमीटर, दिवसाची मजुरी बुडते. याला मी आळस म्हणणार नाही. पण सूज गुपचूप परतते, आणि नजरेला कळण्याआधी ती यंत्राला कळू शकते. पुढचे इंजेक्शन कधी, हेही डॉक्टर त्यावरून ठरवितात.

विद्यार्थी मित्रांनो, आई-वडिलांची फाइल तुम्ही सांभाळा. मागचा आकडा व आजचा आकडा शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा. तपासणी शक्यतो एकाच यंत्रावर करवा, कारण यंत्रागणिक आकडे थोडे बदलतात. आणि त्या दिवशी सोबत जा. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसते, परतीच्या एस.टी.ची पाटीसुद्धा त्यांना वाचता येणार नाही.